टेम्पोवरचा बेसवाला

बेस गिटार वाजवणाऱ्याला लोक जन्मभर एकच प्रश्न विचारतात, आणि विचारणाऱ्याला दर वेळी वाटतं की हे आपल्यालाच सुचलं. "याच्या दोन तारा कुठे गेल्या?" सुरतेत, आमच्या लिंबायतमध्ये मला हे न्हाव्याने विचारलं, रिक्षावाल्याने विचारलं, माझ्या सख्ख्या मेव्हण्याने तर साखरपुड्यात चारचौघांसमोर विचारलं आणि स्वतःच पोट धरून हसला. पहिली दोन वर्षं मी समजावून सांगायचो, की बाबा रे, याला चारच तारा असतात, जाड असतात, गाण्याचा खालचा सूर धरायचं याचं काम. आता मी सांगतो, विकल्या. गाढवाला गुळाची चव समजावत बसायला मला वेळ नाही.

मी पांडेसऱ्यात एका डाइंग मिलमध्ये शेड मॅचिंग करतो. म्हणजे पार्टीने दिलेली कापडाची चिंधी आणि आमच्याकडे रंगवलेलं कापड दिव्याखाली शेजारी शेजारी धरायचं आणि रंग तोच आहे की नाही ते सांगायचं. लाल चिमूटभर जास्त पडला तरी मला कळतं, शेजारी उभ्या रंगाच्या मास्तरला कळत नाही. असा माणूस सुट्टीच्या दिवशी ज्या ग्रुपमध्ये वाजवतो, त्या ग्रुपमध्ये कोणाला कशातलंच काही कळत नाही. हे माझं नशीब म्हणा, नाहीतर मस्ती म्हणा.

ग्रुप माझ्यासकट पाच जणांचा. हळदी, साखरपुडे, गणपती, जे येईल ते. गाणारे भाऊ आमचे म्होरके. दिवसभर दुकानात साड्या उलगडून दाखवायचं काम करतात आणि गातानाही तेच करतात, एक ओळ गुंडाळत नाहीत तोवर दुसरी उलगडतात. लीड गिटारवाला सहा तारांपैकी तीन वापरतो. बेसचा स्पीकर टेम्पोवर चढवायची वेळ आली की हा लघवीला जातो, आणि स्पीकर चढला की येतो. चार वर्षांत एकदाही चुकला नाही. ऑक्टोपॅडवर ताल वाजवणारा जेवायला मिळतं म्हणून येतो, तो निदान तसं सांगतो तरी. आणि शेवटचा कीबोर्डवाला. बावीस वर्षांचा, आईबाप शिरपूरकडचे, पण घराबाहेर मराठी बोलला तर जीभ झडेल अशी त्याची समजूत आहे. ताल सुटला की तो गोड हसतो. बायका म्हणतात, किती गुणी पोरगा.

आणि माझे हाल विचारू नका. सुरतेची हवा दमट, तारांना सहा महिन्यांत गंज धरतो. दुकानात बेसच्या तारा मागितल्या तर दुकानदार साध्या गिटारची सगळ्यात जाड तार काढून देतो आणि "चालेल" म्हणतो. त्याला चालेल, गिटारला कशी चालेल? मग जुन्याच तारा काढायच्या, पातेल्यात पाण्यात उकळायच्या, मळ सुटतो, पुसून परत चढवायच्या, म्हणजे आणखी दोन-तीन महिने आवाज जिवंत राहतो. माझी माय त्या पातेल्यात डोकावून म्हणायची, मीठ टाकलं का. बोटांना फोड यायचे ते वेगळेच. गाणं संपलं की लोक भाऊंना हार घालतात, लीडवाल्याबरोबर फोटो काढतात आणि मला म्हणतात, जरा सरका, फोटोत येताय.

गेल्या आषाढात सरावाला कीबोर्डवाल्याने डाव्या हाताने चार पट्ट्या दाबल्या आणि म्हणाला, "भाई, बेस तो आमां ज छे." म्हणजे बेस यातच आहे, मग वेगळा माणूस कशाला. उचलली जीभ लावली टाळ्याला. मला वाटलं भाऊ त्याला झापतील. भाऊंनी कान खाजवला आणि म्हणाले, "टेम्पोत जागा पण कमी पडते. कानबाईची मिरवणूक होऊ द्या, मग बघू."

मग बघू म्हणजे काय ते मला कळलं. त्या चौघांना मी कितीही नावं ठेवली तरी खरं सांगतो, मला ग्रुप सोडायचा नव्हता. ग्रुप गेला तर माझ्याकडे मिल आणि घर, घर आणि मिल, एवढंच उरणार होतं. एकट्याने घरात बेस वाजवणं म्हणजे नुसती डाळ खाणं, भात नाही, भाकरी नाही. मी हे कोणाला बोललो नाही. बोलायचं कोणाला, त्या गाढवांना?

आमच्या खान्देशी लोकांत श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसवतात. नारळाची देवी. तिला नथ, साज, वस्त्र चढवून चौरंगावर बसवायचं, नैवेद्याला गव्हाच्या जाड पोळ्या, म्हणजे रोट करायचे, रात्र जागवायची आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत नदीवर न्यायचं. सगळ्या भाऊबंदांची मिळून कानबाई एकाच घरी बसते, आणि गेल्या वर्षी ती आमच्या घरी होती. धुळ्याहून, अमळनेरहून काका-काकू, आतेभाऊ, सगळी पलटण दोन खोल्यांत भरली होती. चौरंग डोक्यावर घ्यायचा मान घरच्या थोरल्या सुनेचा, म्हणजे माझ्या मायचा. महिनाभर तिला दुसरं काही सुचत नव्हतं. सोवळं, उपास, रोटाच्या गव्हांवर कोणाची सावली पडू नये म्हणून ती त्यांच्याजवळ झोपायची.

मिरवणुकीला आमचाच ग्रुप होता. पुढे टेम्पो, टेम्पोवर आम्ही पाच जण आणि जनरेटर, मागे बायका, बायकांच्या मध्ये डोक्यावर कानबाई घेतलेली माय, आणि टेम्पोच्या कडेने चालणारे आप्पा. आप्पा म्हणजे माझे वडील. बत्तीस वर्षं लूमवर, यंत्रमागाच्या खडखडाटात काम करून कान गेलेले. त्यांच्याशी बोलायचं तर ओरडावं लागतं आणि तेही आपल्याशी ओरडूनच बोलतात. मी त्यांना माझ्या बेसबद्दल कधी काही विचारलं नव्हतं. बहिऱ्याला काय विचारायचं, असं माझं मत होतं.

मी ठरवून गेलो होतो. पहिलं गाणं जीव ओतून वाजवायचं, दुसरं सुरू झालं की गिटारवरची आवाजाची चकती शून्यावर आणायची, बोटं मात्र हलवत राहायची. गाणं पोकळ होईल. भाऊ अडखळतील, ऑक्टोपॅड घसरेल, कीबोर्डवाला चहूकडे बघेल. मग मी चकती परत फिरवीन आणि एक शब्द न बोलता सगळ्यांना आपापली लायकी कळेल. घोडामैदान जवळच होतं.

दुसरं गाणं सुरू झालं आणि मी चकती फिरवली.

काही झालं नाही. अक्षरशः काही झालं नाही. भाऊ साड्या उलगडत होते. लीडवाला डोळे मिटून तीन तारा कुटत होता. कीबोर्डवाल्याचा तो नामांकित डावा हात, ज्यात म्हणे बेस होता, तो गच्चीवरच्या पोरींना टाटा करत होता. मी त्याच्याच तोंडाकडे बघत राहिलो, आता कळेल, आता कळेल. अख्खं गाणं गेलं. मग माझी जिद्द पेटली आणि मी तिसरं गाणंही मुकंच वाजवलं. मध्येच गल्लीतल्या एका शहाण्याने खालून मला अंगठा दाखवला, जबरदस्त म्हणून. मी मान झुकवून त्याचे आभार मानले. मागे बायकांत काहीतरी गलका झाला, तो गर्दीचा असेल म्हणून मी वळूनही बघितलं नाही. चौथ्या गाण्याला कंटाळून चकती परत वर केली.

नदीवर विसर्जन झाल्यावर भाऊ माझ्याजवळ आले, खांद्यावर थाप मारली आणि म्हणाले, "आज बेस काय बसला राव. दुसऱ्या-तिसऱ्या गाण्याला तर एकदम मोकळं वाटलं. असाच वाजवत जा. त्या पोराला मी सांगतो, डावा हात खिशात ठेव म्हणून."

म्हणजे न वाजवून माझी जागा पक्की झाली. हसावं की रडावं कळेना. पण खोटं कशाला बोलू, मला आनंदच झाला. जागा राहिली आणि वर हेही सिद्ध झालं की या जगाला कान नाहीत. एवढ्या तुच्छतेने आणि एवढ्या मजेत मी त्यापूर्वी कधी घरी आलो नव्हतो.

घरी पाहुणे रोट आणि दूध खात बसले होते. आप्पा ओट्यावर एकटेच होते. मला बघून म्हणाले, आणि चक्क हळू आवाजात म्हणाले, "दुसरा आनि तिसरा गानाले तू बंद व्हता."

मी ओरडून म्हटलं, "आप्पा, तुम्हाला ऐकू येत नाही."

"बोललेलं ऐकू येत नाही," ते म्हणाले. "एका कारागिराकडे आठ लूम असतात. पाठीमागे एक बंद पडला तर बघायला वळावं लागत नाही, न बघता हात तिकडे जातो. ते अजून कळतं मला." मग तार तुटली होती का, ते त्यांनी लूमच्या भाषेत विचारलं, "धागा तुटेल व्हता का?"

"नही."

"मंग?"

हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय. त्यांनी मान आतल्या खोलीकडे वळवली आणि म्हणाले, तुझ्या मायला जाऊन सांग.

आतल्या खोलीत कानबाईचा मांडव अजून तसाच होता, फक्त चौरंगाची जागा रिकामी होती. त्या रिकाम्या जागेपुढे माझी माय नाक घासत होती. काकूने मला बाजूला घेऊन सांगितलं की मिरवणुकीत तिचा पाय दोनदा चुकला, चौरंग कलंडला, काकूने आणि आत्याने धरला म्हणून, नाहीतर देवी रस्त्यावर पडली असती. मला ते दिसलं नव्हतं. मी कीबोर्डवाल्याचं तोंड बघत होतो.

मी मायजवळ बसलो. ती सांगू लागली. चौरंग डोक्यावर असला की समोरचं काही दिसत नाही, मान हलवता येत नाही, आणि पुढे-मागे दुसऱ्या गल्ल्यांचे ढोल. त्या सगळ्या गोंगाटात ती पहिल्या गाण्यापासून माझ्या आवाजावर पाऊल टाकत होती, कारण तो पायाखालून येत होता. आणि मग एकाएकी तो आवाजच यायचा थांबला. बाकी सगळं ऐकू येत होतं, मी वाजवतोय तेवढंच ऐकू येईना. "देवीनं मन्हा कान झाकी दिधात," ती म्हणाली. रोटाच्या पिठाला विटाळ झाला असेल, नाहीतर उपासात काही राहिलं असेल, ती एकेक आठवून मोजत होती.

मी सांगितलं. सरळ सांगितलं, की माय, देवीने काही केलं नाही, मी वाजवत नव्हतो, मुद्दाम बंद केलं होतं. मागून येऊन आप्पांनीही ओरडून तेच सांगितलं.

तिने आमच्या दोघांकडे बघितलं आणि डोळे पुसले. नवरा आणि मुलगा मिळून आपली समजूत काढताहेत, असंच तिला वाटलं. माझ्या तोंडावरून हात फिरवून म्हणाली, "मन्हा डोकावर कानबाई व्हती, बेटा. तू कसाले बंद करशी?"

ज्यांच्यासाठी मी ते केलं होतं, त्यांच्या मताची मला कवडीची किंमत नव्हती, आणि जी ऐकत होती ती माझ्या मागे वीस पावलांवर होती. लोकांना नावं ठेवायला मला शब्द कमी पडत नाहीत. पण त्या दुपारी माझ्याइतका हलकट माणूस मला लिंबायतमध्ये दुसरा दिसत नव्हता.

तिने देवीपुढे बोलून टाकलं, पुढच्या कानबाईपर्यंत पायात काही घालणार नाही. मी हसण्यावारी नेऊन बघितलं, भांडून बघितलं, नव्या चपला आणून दारात ठेवल्या, त्या तिने काकूला दिल्या. थंडीत ती अनवाणी होती, आणि मे महिन्यात डांबर वितळलेल्या रस्त्यावरून भाजी आणायला अनवाणीच जात होती. मी तिला आणखी तीनदा खरं सांगितलं. ती प्रत्येक वेळी म्हणाली, अरे, नदीवर सगळे सांगत होते की तू त्या दिवशी फार छान वाजवलंस.

आता आषाढ चालू आहे. रोज मिलमधून आलो की मी तिच्या टाचांच्या भेगांना तेल लावतो. परवा तेल लावताना तिने सांगितलं, यंदाही कानबाई आपल्याकडेच, दुसऱ्या कोणाला वाजवायला बसवू नका म्हणून भाऊंना निरोप धाडला आहे.

"तूच वाजाडजो," ती म्हणाली. "यंदा देवी माले आयकू दी."