नेलपॉलिशच्या खुणा

नव्या रबराचा वास आला की रायपूरचं ते अंगण आठवतं. शाळा सोडून गाड्यांचं काम शिकायला एवढ्या दूर आलेला मी घरमालकांच्या व्हॅनचा टायमिंग बेल्ट पहिल्यांदाच एकट्यानं बदलून राहिलो होतो. दुपारी त्यांच्या लेकीला बाळंतपणासाठी आणायचं होतं, आणि बेल्टचा एक दात चुकला तरी इंजिन गेलं असतं. जुना बेल्ट काढण्याआधी चाकांवर खडूनं खुणा करत होतो, त्या तेलानं पुसल्या, तशी घरमालकीण काकूंनी नेलपॉलिश आणली. “हे लाव. भांडे घासले तरी निघत नाही.” घरमालक काका हसले, “काहून भेऊन राहिला रे पोट्ट्या?” खुणा जुळवून मी नवा बेल्ट चढवला आणि पान्यानं इंजिन फिरवून पाहिलं, कुठं अडलं नाही. चावी दिली आणि ते एका दमात सुरू झालं! मी उडीच मारली. काकू तर पिशवी घेऊन आत बसल्यासुद्धा. “चाल, तूच चालव,” काका म्हणाले. तेवढा भरवसा मला आजवर पुरला आहे.