मिरचीचं आभाळ, पोरीचं आभाळ

आमच्या रनाळ्यात हिवाळ्यात आभाळाकडे बघायचं ते मिरचीसाठी. खळ्यात लाल मिरची वाळत घातलेली असते आणि एक सर आली तरी ती काळी पडते. त्यामुळे आभाळातलं मला कळतं, असं मी समजत होतो. मुलगी विमान चालवायला शिकू लागली आणि माझी ती ऐट उतरली.

सुट्टीत आली की जेवताना ती असलं काही सांगायची की माझा घास हातातच राहायचा. तिचं विमान आमच्या जीपपेक्षाही हलकं. वारा डोंगराला आडवा लागला की पलीकडच्या अंगाला तो खाली कोसळतो आणि विमानालाही दाबत नेतो. त्यात रात्री ढग दिसतच नाही. खालचे दिवे दिसेनासे झाले की समजायचं, मधे ढग आला, आणि मुकाट्याने मागे फिरायचं. तिची आई म्हणायची, आधी जेव, ढगाचं नंतर बघू.

जानेवारीत तिचा फोन आला. त्याच दिवशी अंधार पडल्यावर आमच्या गावावरून जाऊन शहाद्याच्या पुढे सातपुडा ओलांडायचा होता. शेजारी शिकवणारे सर बसणार होते, पण पुढे जायचं की फिरायचं, हे तिने ठरवायचं होतं. त्या दिवशी मला भाकरी गोड लागली नाही.

दिवस मावळला आणि वारा सुटला. गावभर मिरची झाकायची पळापळ सुरू झाली. शेजारी धावत आला, ताडपत्रीचं एक टोक माझ्या हातात देऊन दुसरं ओढू लागला. तेवढ्यात वरून घरघर ऐकू आली. एक लाल दिवा उत्तरेकडे सरकत होता. माझ्या हातातलं टोक सुटलं.

"नाना, धरा ना, मिरची उडी ऱ्हायनी," तो म्हणाला.

"मन्ही पोर वर शे."

त्याने वर पाहिलं आणि एकटाच ताडपत्रीवर दगड ठेवू लागला.

मग लाइट गेली. वारा सुटला की आमच्याकडे ती जातेच, त्याचं कुणाला काही वाटत नाही. या वेळी शहाद्याकडचा उजेडही गेला. लाल दिवा थोडा पुढे गेला, वळला आणि आला तसा परत निघाला. मनात नाही नाही ते येऊन गेलं. लाइटबरोबर फोनची रेंजही गेली होती. मी घाबरून फोन वर धरत गावाबाहेरच्या रस्त्यापर्यंत गेलो.

शेवटी फोन लागला. ती सुखरूप उतरली होती. समोरची गावं एकदम पुसली गेली म्हणून ढग समजून ती फिरली होती. खाली आल्यावर मात्र सगळे म्हणाले, ढग कुठेच नव्हता. बरोबरची मुलं हसली. आमच्याच गावात वाढलेली पोर, वाऱ्यात लाइट जाते हे वर गेल्यावर विसरली होती. तिचा आवाज रडवेला झाला होता.

"नाना, तुम्ही खाले व्हतात. ढग व्हता ना?"

मी वर पाहिलं. सातपुड्यापर्यंत चांदण्या स्वच्छ दिसत होत्या. खरं सांगितलं तर पुढच्या वेळी दिवे गेले की ही म्हणेल, लाइट गेली असेल, आणि पुढे जाईल.

"व्हता बेटा," मी म्हटलं. "मोठा व्हता."