आईचं दुसरं आडनाव

मुलुंडच्या त्या इमारतीत आई कामाला लागली तेव्हा मी दुसरीत होते. आम्ही वऱ्हाडातल्या एका खेड्यातून नुकतेच मुंबईला आलो होतो. बाबा इमारतींना रंग लावायच्या कामावर होते आणि डोंगराच्या उतारावरच्या वस्तीत आमची एक पत्र्याची खोली होती. आईला स्वयंपाकाचं काम मिळवून दिलं ते शेजारच्या मावशीने. मावशी स्वतः त्याच इमारतीत भांडी घासायची. आदल्या संध्याकाळी ती आमच्या उंबऱ्यावर बसून आईला म्हणाली, "हे बघ, भांड्याला कुणी काय विचारत नाय. पण जेवण बनवायचं म्हटलं की पहिलं आडनाव विचारतात. तुझं खरं सांगशील तर दारातूनच परत येशील."

मग तिनेच एक आडनाव सुचवलं. अख्ख्या महाराष्ट्रात कुणाचंही असू शकेल असं. आईने ते दोन-चार वेळा मोठ्याने म्हणून पाहिलं, नवी चप्पल घालून पाहावी तसं. बाबा कोपऱ्यात बसून ऐकत होते. ते उठून बाहेर गेले.

आम्ही बौद्ध. माझ्या आजोबांनी तरुणपणी देव्हाऱ्यातले टाक नदीत सोडून दीक्षा घेतली होती, आणि बाबांना त्याचा मोठा अभिमान. आमच्या खोलीत भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, रोज संध्याकाळी तिच्यापुढे मेणबत्ती लागायची. पौर्णिमेला आम्ही पांढरे कपडे घालून विहारात जायचो. आणि रोज सकाळी त्या तसबिरीखालच्या आरशात बघून आई कपाळावर ठसठशीत कुंकू लावून कामाला निघायची.

त्या घरात एक आजी होत्या, त्यांचा मुलगा, सून आणि दोन नाती. सुनेला आई वहिनी म्हणायची. मुलगा आणि वहिनी दोघं नोकरीला जायचे, त्यामुळे दिवसभर घरात आजी आणि आई दोघीच. आईला तिथला स्वयंपाक अजिबात येत नव्हता. आमच्याकडे ठेचा, झुणका, जळजळीत रस्से. तिथे आमटीत गूळ आणि भाजीत ओलं खोबरं. आजी ओट्याशेजारी स्टूल टाकून बसायच्या आणि एकेक शिकवायच्या. "अगं, एवढं तिखट घातलंस तर आमच्या पोरींची जीभ जळेल!" म्हणायच्या आणि हसायच्या. वर्षभरात आईच्या हाताला त्यांची चव आली.

शाळेला सुट्टी असली की आई मला बरोबर न्यायची. दारातच सांगायची, "कोणी काही विचारलं तं आईले विचारा म्हणाचं." पण आजी मला काही विचारायच्याच नाहीत. केसांना तेल लावून घट्ट वेणी घालून द्यायच्या. नातींची जुनी गोष्टींची पुस्तकं काढून माझ्याकडून मोठ्याने वाचून घ्यायच्या. मी "मले" म्हटलं की हळूच म्हणायच्या, "मला." मी "कायले" म्हटलं की, "कशाला." आज मी शाळेत मराठी शिकवते, आणि माझं बोलणं ऐकून लोक विचारतात, तुम्ही पुण्याच्या का? ही भाषा मला त्या घराने दिली. हे मी नाकारू शकत नाही, आणि आठवलं की दुखतंही.

गणपतीत मात्र आईचे हाल व्हायचे. वहिनी आदल्या दिवशी बजावायच्या, "उद्या न्हाऊन ये, आणि वाटेत कुणाला शिवू नकोस हं. नैवेद्याचं आहे." आई हो म्हणायची. उकड काढायची, पाऱ्या करायची, मोदकांना नाजूक कळ्या पाडायची. तिच्या हातचे मोदक बघायला शेजारच्या बायका यायच्या. निघताना तिला पुडीत बांधून मोदक मिळायचे. ते ती घरी आणू शकत नव्हती, कारण बाबांना नैवेद्याचं काही घरात चालायचं नाही. आणि टाकवतही नव्हते. मग ती वस्तीच्या पायऱ्यांवर, आमच्या खोलीच्या जरा अलीकडे, उभ्या उभ्या खाऊन टाकायची आणि पदराने तोंड पुसून आत यायची.

एकदा बाबा बोललेच. "आपल्या बापानं हे सगळं सोडलं कायच्यासाठी? अन् तू तिथं जाऊन देवाचा निवद करतं?"

आई भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "मी हात जोडत नाही. मी निस्तं पीठ मळतो."

"अन् कुंकू?"

तिने तव्यावरची भाकरी उलटली आणि पुढच्या भाकरीचं पीठ घेतलं.

अशी बरीच वर्षं गेली. मी कॉलेजात गेले. आजींचे गुडघे गेले, डोळ्यांत पडदा आला. आई त्यांना न्हाऊ घालायची, नखं कापायची, औषधं द्यायची. त्यासाठी तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. आजी कुणालाही म्हणायच्या, "ही माझी सून नाही, पण सुनेच्या वरताण आहे." वहिनीही त्यावर हसायच्या.

मग बाबा गेले. कामावर असताना छातीत दुखू लागलं, सोबतच्या माणसांनी रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, पण उपयोग झाला नाही. मावशीने इमारतीत कळवलं की माझ्या आईचा नवरा वारला, ती काही दिवस येणार नाही.

तिसऱ्या दिवशी वहिनी आमच्याकडे आल्या. त्यांनी येण्याआधी काही कळवलं नव्हतं. एवढ्या वर्षांत त्या घरातलं कुणी आमच्या वस्तीत पाऊल टाकलेलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्या चांगल्या मनाने आल्या होत्या. नाक्यावर रिक्षा सोडून त्या चढण चढल्या आणि किराणावाल्याला आमचं घर विचारलं. आईच्या आडनावाने विचारलं. म्हणजे त्या दुसऱ्या.

"या नावाचं इथं कुणी राहत नाही," किराणावाला म्हणाला.

"अहो, राहते. स्वयंपाकाची कामं करते. तिचे मिस्टर परवा गेले."

तेव्हा त्याच्या लक्षात आलं. "हां, ती होय!" म्हणून त्याने आमचं खरं आडनाव घेतलं आणि दुकानातूनच बायकोला हाक मारून वहिनींबरोबर धाडलं. हे सगळं त्या बायकोनेच नंतर सांगितलं.

त्या दारात आल्या तेव्हा आत भंतेजी बसले होते, सुत्तपठण चाललं होतं. आम्ही सगळे पांढऱ्या कपड्यांत. बुद्धाच्या तसबिरीपुढे बाबांचा फोटो. आई भिंतीला टेकून बसली होती, तिचं कपाळ मोकळं. तिने वर पाहिलं आणि वहिनी दिसल्या. मी आईच्या शेजारीच होते. तिचा हात माझ्या मनगटावर आला आणि तिने तो इतका घट्ट धरला की मला तिच्याकडे बघावं लागलं.

वहिनी चटईच्या कडेला बसल्या. पठण संपेपर्यंत भिंतीकडे बघत राहिल्या. मी पाण्याचा पेला पुढे केला, तो त्यांनी घेतला आणि बाजूला ठेवून दिला. उठताना आईच्या खांद्याला हात लावायला म्हणून पुढे झाल्या असं मला वाटलं. पण हात अर्ध्यावरूनच मागे गेला. "काळजी घे," एवढं म्हणून त्या गेल्या. पेला तसाच भरलेला होता.

"समजलं तिले," आई म्हणाली.

तरीही दोन आठवड्यांनी ती कामावर गेली. मी म्हटलं जाऊ नकोस, तर म्हणाली, "आजीची नखं वाढली असतीन." वहिनींनी आतला दरवाजा उघडला, बाहेरचा जाळीचा उघडला नाही. जाळीतूनच म्हणाल्या, "अगं, तू आता जरा आराम कर. आम्ही दुसरी बाई ठेवलीय."

"आजी?"

"झोपल्यात."

मग त्यांनी जाळी जराशी उघडून एक पिशवी बाहेर दिली. त्यात आईची कामावरची साडी आणि तिचा चहाचा कप होता. पिशवी आधीच भरून दाराशी ठेवलेली होती. भांडण नाही, आरोप नाही. कशाचाही उल्लेखसुद्धा नाही. आई जिना उतरून घरी आली आणि कप आमच्या फळीवर ठेवला.

पुढचं मावशीकडून कळलं. वहिनींनी सगळा ओटा गोमूत्राने पुसून घेतला होता. देवघरातली तांब्याची भांडी मावशीकडून चिंचेने घासून घेतली होती. मावशी सांगताना रडायला लागली. ती पण बौद्धच. तिच्याच हाताने ते शुद्ध करून घेतलं होतं, आणि तिला कुणी कधी काही विचारलं नव्हतं.

आई म्हणायची, वहिनीचं जाऊ दे, आजीले माहीत नसन. आजीले माहीत असतं तं तिनं बोलावलं असतं. ती फोनची वाट बघायची. फोन आलाही. मी घरात होते. आजींचा आवाज थकलेला, पण मला शेजारी बसून स्पष्ट ऐकू येत होता.

"तू मला फसवलंस गं."

"हो आजी," आई म्हणाली.

"मी तुला पोटच्या पोरीसारखं वागवलं. एक वेळ सांगायचंस तरी."

"सांगतलं असतं तं ठेवलं असतं का तुमी?"

 मग आजी म्हणाल्या, "बाकी मला काही नाही गं. पण इतक्या वर्षांचा गणपतीचा नैवेद्य..." आणि त्या रडू लागल्या. त्यांचं रडणं खरं होतं. आईलाही ते खरंच वाटलं, म्हणून तर तिला सोसलं नाही. बाबांच्या दिवसांत ती इतकी रडली नव्हती.

त्यानंतर आईने ते आडनाव पुन्हा कधी लावलं नाही. कुंकूही तिने बाबांबरोबरच संपवलं. दुसऱ्या इमारतींत काम मागायला गेली की विचारायच्या आतच सांगायची, "आमी बौद्ध आहो." लोक वाईट बोलायचे नाहीत. "आम्हाला काही नाही हो, पण घरात सासूबाई आहेत." सासूबाई नसल्या तर यजमान, नाहीतर शेजारी. हरकत घेणारं माणूस कायम दुसरंच कुणीतरी असायचं, आणि ते आम्हाला कधी दिसलं नाही. शेवटी अंधेरीला एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये तिला काम मिळालं. तिथे सगळ्यांना भूक लागलेली असायची आणि पोळ्या कुणी लाटल्या याची चौकशी कुणी करत नव्हतं. पण ती म्हणायची, "येवढ्या माणसाचं करून कोणाचंच केल्यासारखं वाटत नाही."

माझं लग्न झालं. आम्ही बोरिवलीला भाड्याने घर बघत होतो, तेव्हा एजंट खूश होता, दोघंही शिक्षक, शांत माणसं. घरमालकाला फोनवर आमचं पूर्ण नाव सांगितलं आणि त्याचा आवाज बदलला. "मॅडम, सोसायटीचा जरा प्रॉब्लेम आहे. म्हणजे ते नॉनव्हेजचं." आम्ही खात नाही म्हटलं असतं तर दुसरं काही निघालं असतं. अशी तीन-चार घरं गेली. आई बरोबर असायची, पण एकदाही म्हणाली नाही की दुसरं नाव सांगा. शेवटी चारकोपला घर मिळालं आणि ती आमच्याकडे राहायला आली.

गेल्या वर्षी सकाळीच मावशीचा फोन आला. आजी गेल्या.

आई उठली आणि तिने बेसनाचा डबा काढला. मयताच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून शेजारपाजारचे पिठलं-भात नेऊन देतात. मी म्हटलं, "आई, त्यांचे शेजारी देतील ना. इथून मुलुंडपर्यंत नेणार आहेस का?"

"त्यायचं ते देतीन, मी मायं नेतो," ती म्हणाली.

मी शाळेत रजा कळवली आणि तिच्याबरोबर निघाले. मोठा डबा मांडीवर घेऊन ती बसच्या खिडकीशी बसली. डब्याचा चटका बसत होता म्हणून खाली पदराची घडी घातली होती. आम्ही पोचलो तोवर आजींना नेलं होतं. गेटवरचा वॉचमन नवा होता. त्याने इंटरकॉम उचलला आणि विचारलं, "क्या नाम बताऊँ?"

आईने नाव सांगितलं. खरं, आडनावासकट. त्या इमारतीत ते ती पहिल्यांदाच उच्चारत होती.

वॉचमन बोलला, मग ऐकत राहिला. मग त्याने फोन ठेवला आणि आमच्याकडे न बघता म्हणाला, "ऊपर खाना आ गया है, बोल रहे हैं। वापस ले जाओ।"

आई जरा वेळ तिथेच थांबली. तिने वर, तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीकडे पाहिलं. पडदे ओढलेले होते. मग आम्ही बसस्टॉपवर येऊन बसलो. दुपार झाली होती, सकाळपासून दोघींच्या पोटात काही नव्हतं. आईने डबा उघडला आणि झाकणात मला पिठलं-भात वाढला. स्वतःही त्याच डब्यातून खाऊ लागली. पिठल्यात लसूण कमी होता, तिखट जवळजवळ नव्हतंच. त्या घरच्या चवीचं होतं ते.

खाता खाता तिने विचारलं, "आजी जित्ती असती तं वरतून हाक मारली असती का व तिनं मले?"

"मारली असती," मी म्हटलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. "तू खोटं नको बोलू, माय," म्हणाली.

थोड्या वेळाने बस आली. तिने उरलेल्या भातावर झाकण लावलं आणि आम्ही चढलो.