कोमट मणी

माझी मावशी सहसा कुणावर विश्वास ठेवत नाही. डॉक्टरांनी गोळी दिली तर ती आधी उजेडात धरून बघते. भाजीवाल्याच्या काट्यावर तिचा विश्वास नाही, वर्तमानपत्रातल्या हवामानावर नाही, आणि माझ्यावर तर मी बोलायला शिकल्यापासून नाही. पण मण्यांच्या बाबतीत हा संशय इतका कामाचा ठरला होता की जुन्या बाजारातले विक्रेते ती लांबून येताना दिसली की अर्धा माल फडक्याखाली सरकवायचे.

तेव्हा ती चष्म्याच्या दुकानात काम करायची. पुढे काउंटरवर मालक आरसे पुसत बसायचा आणि मागच्या खोलीत मावशी चाकावर काचा घासून फ्रेममध्ये बसवायची, मग तयार चष्मा गिऱ्हाइकाला घालून बघायची. संध्याकाळी घरी यायची तेव्हा तिच्या भुवयांमध्ये पांढरी पूड असायची. आठवडाभर काच हाताळून बाईचं मन भरायचं नाही, म्हणून सुट्टीच्या दिवशी बाजारात जाऊन ती पुन्हा काचच विकत आणायची. मणी. निळे, हिरवे, पिवळ्या ठिपक्यांचे, कुणाच्या तरी तुटलेल्या माळेतले. आई म्हणायची, "हिनं माणसंसुद्धा भिंगातून बघितली, म्हणून एकटी राहिली." मावशी यावर नुसती हसायची. तिच्या खोलीत चपट्या खणांचं एक कपाट होतं आणि ते उघडताना तिचा चेहरा जसा व्हायचा तसा मी कुठल्याही लग्न झालेल्या बाईचा पाहिलेला नाही.

मला त्या दुपारी फार आवडायच्या. पलंगावर जुनी चादर पसरायची, स्टीलच्या ताटात मणी ओतायचे, आणि दोघींनी निवडत बसायचं. ओतताना जो आवाज व्हायचा तो ऐकण्यासाठी मी ते परत परत भरून ओतायचे आणि ओरडा खायचे. मावशी एखादा मणी चिमटीत धरून खिडकीसमोर न्यायची आणि मला भिंग द्यायची. "आत बुडबुडा दिसतो का? बनवणाऱ्याच्या हातून हवा राहून गेलीय ती. तो केव्हाच मेला असेल, पण त्या दिवशीची हवा अजून आत आहे." मला यात थोडी भीती वाटायची आणि मजाही. मग मी तो मणी कानाला लावून बघायचे.

लबाडीही तिनंच शिकवली, म्हणजे ओळखायला. नवे मणी चहात उकळतात, बुटाचं पॉलिश चोळतात, मातीत पुरून ठेवतात आणि पणजीच्या काळातले म्हणून विकतात. "वरून सगळ्यांना म्हातारं करता येतं," ती म्हणायची, "तू भोक बघ." खऱ्या जुन्या मण्याचं भोक दोऱ्यानं झिजून रुंद झालेलं असतं, कडा गुळगुळीत असतात. त्यानंतर शेवटची परीक्षा. मणी खालच्या ओठाला टेकवायचा. काच गार लागते, प्लास्टिक कोमट. बाजारात ती असा मणी ओठाला लावून डोळे मिटून उभी राहिली की मी दहा पावलं लांब जाऊन उभी राहायचे, लाजेनं.

निळी माळ आम्हाला बाजाराच्या अगदी टोकाला मिळाली. भिंतीच्या सावलीत एक किडकिडीत माणूस बसला होता. उन्हानं डांबर मऊ झालं होतं आणि यानं लोकरीची टोपी, मफलर, वर स्वेटर घातला होता. समोर बंद पडलेली घड्याळं, किल्ल्या, आणि त्यात ही माळ. गडद निळे, वाटाण्याएवढे मणी. मावशीनं ती उचलली, भोकं बघितली, एक मणी उजेडात धरला. तिच्या गालाची शीर उडाली. एवढी वर्षं मी तिच्यासोबत हिंडलेय, ती शीर कधी उडते हे मला ठाऊक आहे.

"काय आहे हो हे?" तिनं जांभई दिल्यासारखं विचारलं.

"प्लास्टिक," तो माणूस म्हणाला. त्याचे दात वाजत होते. "नवीन आहे. मुलांना खेळायला होईल."

मावशीनं मणी ओठाला टेकवला आणि डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. मी हात लावून बघितला. मणी कोमट होता. सावलीत पडलेली माळ, आणि नुकतीच कुणी गळ्यातून काढून ठेवल्यासारखी कोमट. प्लास्टिक म्हणावं तर वजन काचेचं, भोकं झिजलेली, आत बुडबुडे. आयुष्यभर जी बाई एका खुणेवरून दहा जणांचा माल परत करत आली, तिनं त्या दिवशी ती खूण मनातून पुसून टाकली. हाव माझ्या मावशीलाही सुटते हे मला तेव्हा कळलं.

"प्लास्टिकच ना? मग द्या," ती म्हणाली आणि खेळण्याच्या भावात माळ घेतली.

"तुम्ही विचारलंत, मी सांगितलं," तो म्हणाला. "नंतर माझ्याकडे यायचं नाही."

कोपरा वळल्यावर आम्ही दोघी खो खो हसलो. "बिचाऱ्याला कळलंसुद्धा नाही काय देऊन बसला ते!" मावशीच्या डोळ्यांत पाणी आलं हसून. मी मागे वळून पाहिलं. तो माणूस उभा राहून मफलर काढत होता.

घरी तिनं माळ थंड पाण्यात धुतली, पुसली, खणात ठेवली. दुसऱ्या दिवशी खणातले बाकीचे मणी गार आणि ही कोमटच. मावशीला त्याची गंमत वाटली. ती माळ खिशात घालून कामाला जाऊ लागली. "हात शेकायला बरी आहे," म्हणायची. मग हळूहळू हात शेकायची गरजच वाढत गेली. गिऱ्हाइकाच्या कानावर चष्म्याची काडी बसवताना तिचं बोट लागलं की माणूस दचकायचा. एक लहान मुलगी तर रडायलाच लागली. चाकावरच्या काचा तिच्या बोटांतून निसटू लागल्या, कारण बोटांना काच लागतेय हे कळेनासं झालं. मालकानं दोनदा गोड बोलून आणि मग कडू बोलून सांगितलं. चहा उकळता प्यायची आणि म्हणायची, "निवलाय गं." डॉक्टरांनी तपासलं, रक्त तपासलं, त्यांना काही सापडलं नाही. माळ मात्र दिवसेंदिवस गरम होत चालली होती. आता ती कोमट राहिली नव्हती. ताप असलेल्या मुलाच्या कपाळासारखी लागायची.

मी बडबड्या स्वभावाची आहे, पण भुताखेतांवर बोलणाऱ्यातली नाही. तरीसुद्धा एका सकाळी मी ती माळ तिच्या खिशातून काढली, पुलावर गेले आणि नदीत फेकली. बुडताना बघितली. बुडाली तिथलं पाणी जरा वेळ वाफाळत राहिलं. मी पळत मावशीकडे आले तर ती खुर्चीत आखडून बसली होती, ओठ निळे, आणि खण उघडा. खणात माळ होती. कोरडी.

मग आम्ही त्या माणसाला शोधायला गेलो. तो जुन्याच जागी होता, पण भर उन्हात, अर्ध्या बाह्यांच्या शर्टात, बर्फ घातलेलं सरबत पीत. गाल वर आले होते. आम्हाला बघून त्यानं पेला खाली ठेवला. मी त्याला जे जे बोलायचं ते सगळं बोलून घेतलं. लफंगा म्हणाले, चोर म्हणाले.

"मलाही एका बाईनं प्लास्टिकच म्हणून दिली," तो शेवटी म्हणाला. "मीही घरी जाऊन हसलो होतो. फुकट दिली तर ती परत येते. टाकली तर परत येते. खरं सांगून विकली तरी परत येते, मी करून बघितलंय. समोरच्याला वाटलं पाहिजे की तो आपल्याला टोपी घालतोय. तेव्हाच जाते." मग तो मावशीकडे वळला. "मी तुम्हाला बघत होतो, बाई. तुम्हाला कळलं होतं ती काच आहे."

मावशीनं मान खाली घातली.

"वेळ लावू नका," तो म्हणाला आणि उजवा हात पुढे केला. शेवटची दोन बोटं मेणासारखी पांढरी होती. "मी लावला. ही बोटं परत नाही आली."

पुढच्या सुट्टीला मावशी बाजारात फडकं पसरून बसली. आयुष्यात पहिल्यांदा ती फडक्याच्या त्या बाजूला होती. मीच तिला हाताला धरून नेलं होतं, दोन शाली गुंडाळून. फडक्यावर मुद्दाम तुटकी खेळणी, बटणं, आणि मध्ये निळी माळ. येणारेजाणारे बघत आणि पुढे जात. प्लास्टिकची माळ कोण विचारतंय! दुपार कलली तशी मावशीची मान हलायला लागली, थंडीनं.

तेवढ्यात एक मुलगी आली. विशीची असेल. गळ्यात दोरीला भिंग अडकवलेलं, नवं कोरं. तिनं माळ उचलली, भोकं बघितली, आणि इकडेतिकडे पाहून हळूच एक मणी ओठाला टेकवला. तिचा चेहरा गोंधळला, नजर पुन्हा भोकाकडे गेली, आणि मग तिच्या गालाची शीर उडाली.

"कसली आहे हो काकू?" तिनं अगदी सहज विचारलं. खूप सहज.

मावशीनं फक्त एक शब्द बोलायचा होता. म्हण ना, मी मनात ओरडत होते, म्हण प्लास्टिक. ही मुलगी आपली कोण लागते? तरणी आहे, विकेल ती पुढे कुणाला तरी. मला त्या क्षणी त्या पोरीची जराही कीव आली नाही, आणि ते सांगायला मला लाजही वाटत नाही.

"प्लास्टिकच ना?" मुलीनंच पुढचं वाक्य दिलं. "मग द्या की."

मावशी तिच्या गळ्यातल्या भिंगाकडे बघत होती. "ते भिंग कितीला घेतलंस?" तिनं विचारलं. "फसवलं तुला. काच वाकडी आहे त्याची." मग तिनं माळ तिच्या हातातून काढून घेतली. "आणि ही खरी काच आहे. खूप जुनी आहे. विकायची नाही."

मुलीचा चेहरा पडला. पकडली गेल्यासारखी ती लाल झाली आणि गर्दीत निघून गेली. मी मावशीवर इतकी चिडले की फडकं गोळा करताना माझ्या हातून खेळणी रस्ताभर सांडली.

घरी पोचल्यावर मी म्हणाले, "मला वीक. मी घेते. मी तरणी आहे, मी बघेन काय करायचं ते."

"तुला काय खोटं सांगू?" मावशी म्हणाली. "तुला सगळं माहीत आहे." तिनं माझ्या गालाला हात लावला आणि मी अंग चोरलं. मला तसं करायचं नव्हतं. मी रडत राहिले आणि ती मला थोपटत राहिली, तिच्या त्या हातानं.

मग तिनं माळ स्वतःच्या गळ्यात घातली आणि मला मागून गाठ मारायला सांगितली. पक्की, म्हणाली. पुन्हा कधी हातात धरून कुणाला दाखवावीशी वाटली तर सुटता कामा नये. मी गाठीवर गाठ मारली. मण्यांनी माझी बोटं भाजली.

मावशी अजून आहे. कामावरून तिला काढलं. बाजारात मात्र जाते, माझ्या आधारानं, आणि कुणी नवखा पॉलिश चोळलेले मणी घ्यायला निघाला की मधे पडते. विक्रेते तिला शिव्या देतात. कुणी गळ्यातल्या माळेविषयी विचारलं तर ती शाल वर ओढते. खिडकीशी बसलेली असताना मी कधी कधी तिच्या नाकासमोर आरसा धरून बघते. त्यावर वाफ धरत नाही. ती मात्र माझ्याशी बोलत असते.

परवा दुपारी ती अशीच बसली होती. बाहेर रस्ता उन्हानं पांढरा पडला होता, कुत्री गाड्यांखाली शिरली होती, माझा कुडता पाठीला चिकटला होता. मावशीनं विचारलं, "आज फार थंडी आहे का गं बाहेर? की मलाच वाजतेय?"

"सगळ्यांनाच वाजतेय, मावशी," मी म्हणाले, आणि कपाटातून स्वेटर काढून अंगात घातला.

तिनं माझ्या कपाळावरचा घाम बघितला. बराच वेळ बघितला. मग म्हणाली, "बरं झालं. मला वाटलं मलाच."