आख्खी ढेप

लग्नानंतर पहिल्यांदा डाळजला, सासुरवाडीला गेलो, तेव्हा दुपारी शेतातच जेवायला बसलो होतो. फडक्यात भाकरी, पिठलं, ठेचा आणि दोन आख्खे कांदे. मी बारामतीत वाढलेला, कॉलेजच्या ग्रंथालयात नुकताच नोकरीला लागलेला. सासऱ्यांना सहज विचारलं, "आबा, सुरी आहे का?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग आबा गंभीरपणे म्हणाले, "जावईबापू, कांद्याला सुरी लावली की तो माणसाला रडवतोय. बुक्की घातली की गुमान बसतोय." मेव्हण्याला हसता हसता ठसका लागला. बायकोनं कांदा बांधावरच्या दगडावर ठेवला, मूठ वळली आणि एकदाच मारली. कांदा उमलल्यासारखा उघडला. आतला हिरवट कोंब तिनं बोटानं काढून टाकला आणि पाकळ्या माझ्या भाकरीवर ठेवल्या. मग मला एकट्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "घरी हाय सुरी. हितं नगा मागू."

त्या दिवसापासून मी तिला वस्तू फोडताना पाहत आलो. पुढची चौतीस वर्षं.

ताकद म्हणावी तर तिच्या मनगटात फार नव्हती. पण कोणत्या वस्तूला किती लागतं हे तिला ठाऊक होतं. पेरणीच्या आधी आबा भुईमुगाच्या शेंगा पोत्यानं पाठवायचे, बियाण्यासाठी फोडून द्यायला. गावात माणसं होती, तरी बियाण्याच्या शेंगा लेकीकडेच यायच्या. बियाण्याचं काम नाजूक असतं. टरफल फुटलं पाहिजे आणि दाण्यावरच्या लाल सालीला ओरखडासुद्धा येता कामा नये. साल गेलेला दाणा मातीत कुजतो. मी एकदा मदतीला बसलो. तासाभरानं तिनं माझा ढीग चाळून पाहिला आणि म्हणाली, "तुमचं चटणीला चालंल." नंतर मी शेजारी पुस्तक घेऊन बसायला लागलो आणि दोघांचंही काम बरं चालायला लागलं.

सगळ्यांत मोठं काम गुळाचं. मेव्हण्याच्या गावाजवळ गुऱ्हाळ आहे. दर हिवाळ्यात तो दहा किलोची एक ढेप मोटरसायकलला बांधून आणतो. ढेप आली की ती कोरड्या फडक्यानं पुसायची, धुतलेल्या जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळायची आणि पत्र्याच्या डब्यात ठेवायची. पुढं सवडीनं एक दुपार बघून गोणपाटावर ती उलटी मांडायची. माहेरून आणलेला एक झिजलेला कोयता होता. त्याची धार ढेपेवर टेकवायची आणि पाठीवर वरवंट्यानं हलकेच ठोकायचं. कोयता बोटभर पुढं सरकवायचा, पुन्हा ठोकायचं. अशी ढेपेभोवती एक फेरी. मग एक घाव. दोन सारख्या फोडी दोन बाजूंना आडव्या व्हायच्या आणि चुरा म्हणाल तर मूठभरही नाही.

मी तेव्हा खुर्चीत वाचत असायचो. पहिला खडा ती माझ्या उघड्या पानावर ठेवायची. "अगं, पुस्तकाला डाग पडतो," मी म्हणायचो. "मग तोंड उघडं ठिवावं," ती म्हणायची. लोकांना पुस्तकं जपायला सांगण्यात माझी सगळी नोकरी सरली. माझ्या स्वतःच्या कपाटातली कितीतरी पुस्तकं मात्र मधेच कुठंतरी चिकट आहेत.

या वर्षीची ढेप मार्गशीर्षात आली. तिनं पुसली, गुंडाळली, डब्यात ठेवली. फोडायची दुपार आली नाही. पौषात तीच गेली.

घरात माणूस गेलं की आमच्याकडे वर्षभर सण करत नाहीत. पुरण शिजत नाही. गोडधोड नातेवाईक आणतात. मला ते सोयीचं झालं. गुळाचं काय करायचं हे कुणी विचारलं की मी म्हणायचो, वर्ष होऊ दे. खरं कारण वेगळं होतं. त्या धोतराला तिनं मारलेली गाठ अजून तशीच होती. तिचं अर्धं राहिलेलं एवढंच एक काम घरात होतं आणि मला ते पुरं व्हायला नको होतं.

श्रावणात मेव्हणा पुरणपोळ्यांचा डबा घेऊन आला. स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेला आणि तिथूनच ओरडला, "दाजी, मुंग्यांची रांग लागलीया की हितं!"

डबा उघडला. दमट हवेनं गूळ पाझरला होता, धोतराचा तुकडा तपकिरी होऊन चिकटला होता. मेव्हण्यानं बोट लावून पाहिलं.

"अजून महिना ठिवला तर फेकावा लागंल," तो म्हणाला. "आक्कानं पुसून ठिवलेला गूळ. मुंग्यांना घालायचा व्हय?"

 गाठ मीच सोडली. ओली होऊन घट्ट बसली होती, वेळ लागला. 

मग त्यानं ढेप गोणपाटावर ठेवली, हातोडा आणला आणि दणका दिला. गुळात खड्डा पडला, ढेकळं उडाली, एक त्याच्या कपाळाला चिकटलं. दुसरा घाव, दुसरा खड्डा.

"आक्काचं असं कधी झालं न्हाय," तो कपाळ पुसत म्हणाला.

"थांब," मी म्हणालो आणि कोयता शोधून आणला.

मी आयुष्यात ढेप फोडली नव्हती. ती फोडत असताना माझे डोळे पुस्तकात असायचे. पण कान नसायचे. ठक, ठक, ठक असा आवाज यायचा आणि फेरी पुरी होत आली की तोच आवाज बसका व्हायचा. मग ती थांबायची, श्वास घ्यायची. मी तसंच केलं. ठोकलं, सरकवलं, ठोकलं. पहिल्या फेरीत आवाज बदलला नाही. दुसऱ्या फेरीत निम्म्यावर बदलला. मी थांबलो.

"मारा की," मेव्हणा म्हणाला.

मारला. ढेप दुभंगली. तिच्यासारखी सारखी नाही, एक फोड मोठी झाली. बाहेरून काळपट पडलेला गूळ आत मात्र सोनेरी, कोरडा आणि रवाळ होता.

"आयला दाजी!" मेव्हणा म्हणाला. "कवा शिकला?"

"ऐकून," मी म्हणालो.

मोठी फोड मी त्याला बांधून दिली. तो गेल्यावर उरलेल्या फोडीचे तुकडे केले आणि बरण्या भरल्या. धोतराचा तुकडा धुऊन दोरीवर टाकला. मग चहा ठेवला, खाली उतरवून त्यात गूळ घातला आणि पुस्तक उघडून बसलो. गोणपाटावर एक खडा राहिला होता. तो पानावर ठेवला, आणि डाग पडायच्या आत तोंडात टाकला.