चार नंबर मशीनशेजारच्या रेघा

एक ओळ टाइप करायची आणि उठायचं. चार पावलं मागे, चार पावलं पुढे. मग स्क्रीनकडे वाकून बघायचं, मान हलवायची आणि उभ्या उभ्याच दुसरी ओळ लिहायची. "काका, बसा की हो," मी तासात दहादा म्हणायचे. उत्तर ठरलेलं असायचं. "बसून काम होत नाय, बाई. सवय नाय."

लालबागला मसाला कांडायच्या डंक्यावरच्या मजल्यावर आमचा कॉम्प्युटर क्लास होता. खाली मिरची पडली की वर सगळा वर्ग शिंकायचा. मी तिथे एचटीएमएल शिकवायचे, म्हणजे वेबपान कसं बनवायचं त्याची बाराखडी. वय बावीस आणि डोकं कायम तापलेलं. लोअर परळच्या काचेच्या ऑफिसांत नोकरी लागायची सोडून आपण इथे शिंकत बसलोय, ही माझी तक्रार. त्यात हे साठीला टेकलेले काका पाठीमागे येरझाऱ्या घालणार. तुमच्या मागे कोणी असं चालत राहिलं तर तुम्हालाही राग आला असता.

काका आधी मिलमध्ये साच्यावर होते. साचा म्हणजे माग. चार साच्यांवर एक माणूस, पाळीचे आठ तास नुसतं फिरायचं, धागा तुटला की गाठ मारायची आणि पुढे. संपानंतर मिल काही वर्षं रडतखडत चालली आणि बंद झाली. आता ते एका ऑफिसच्या गेटवर वॉचमन होते. इंग्रजी अक्षरं ते तिथेच शिकले, येणाऱ्या गाड्यांचे नंबर वहीत लिहून लिहून.

पहिल्याच दिवशी मला विचारलं, "बाई, ह्याच्यात माणूस शोधता येतो काय?"

मी म्हटलं, "आपण शोधायचं नाही. पान बनवून ठेवायचं. ज्याला दिसेल तो येईल."

"मग शिकवा."

शिकायला ते वाईट नव्हते. एचटीएमएलमध्ये प्रत्येक टॅग, म्हणजे कंसातली खूण, उघडला की बंद करावा लागतो, आणि नवी पोरं हमखास तेच विसरतात. काका कधीच विसरले नाहीत. ते उघडायचा टॅग लिहायचे, लगेच बंद करायचा लिहायचे आणि मग मध्ये शिरून मजकूर भरायचे. मी विचारलं, हे कोणी शिकवलं? "कोण कशाला शिकवंल? तुटका धागा सोडून पुढच्या पाळीला साचा द्यायचा नसतो. पुढचा शिव्या घालतो." पुढे मी सगळ्या बॅचना तसंच शिकवलं, स्वतःची युक्ती असल्यासारखं.

तो पुढच्या पाळीचा माणूस म्हणजेच त्यांना हवा असलेला जोडीदार. अकरा वर्षं दोघांनी तेच चार साचे चालवले, एक पहिल्या पाळीला, दुसरा दुसऱ्या. पाळी बदलताना साचा थांबवायचा नाही, चालता साचा चालत्या हाती द्यायचा. दिवसाकाठी भेट पाच मिनिटांची, पण घरच्यांपेक्षा एकमेकांची जास्त माहिती.

संप लांबला तेव्हा काका कामावर परत गेले. घरात मुलगी आजारी होती. जोडीदार गेला नाही. तो गेटबाहेर उभा होता आणि काका मान खाली घालून आत शिरत होते. तेव्हा त्याने मागून हाक मारून एवढंच म्हटलं, "तेल घाल रे साच्याला." नंतर तो खोली सोडून गेला. गावी नाही, भिवंडीला नाही, कुठेच पत्ता लागला नाही.

"वीस वर्षं झाली, बाई. टोमणा मारलान, का खरंच साच्याची काळजी होती? एवढंच विचारायचंय. टोमणा असला तरी चालंल. पण कळाय पाहिजे."

पान तयार झालं. मराठी अक्षरं दुसऱ्याच्या मशीनवर गेली की चौकोन व्हायची, म्हणून मजकूर इंग्रजी अक्षरांत मराठी. वर जोडीदाराचं नाव, ठळक. खाली मिलचं नाव, साच्यांचे नंबर, आणि 'दर रविवारी सकाळी मिलच्या गेटसमोर उभा असतो, ये.' क्लासचा फोन नंबर टाकू म्हटलं तर नको म्हणाले. समोरासमोर विचारायचं होतं.

फुकट जागा देणाऱ्या एका साइटवर आम्ही ते चढवलं. तळाशी मी हौसेने काउंटर लावला. पान जितक्या वेळा उघडेल तितका आकडा वाढतो. काका खूश झाले. त्यांच्या साच्यालाही किती कापड निघालं ते दाखवणारा मीटर असायचा. आता ते रोज ड्यूटीआधी येत, चार नंबरच्या मशीनवर पान उघडत आणि शेजारच्या भिंतीवर पेन्सिलीने एक रेघ मारत. आपण स्वतः किती वेळा उघडलं त्याचा हिशेब. आकडा आणि रेघा सारख्या, म्हणजे दुसरं कोणी आलं नाही.

दोन आठवडे सारख्याच होत्या. काकांच्या येरझाऱ्या वाढल्या. चहा हातात थंड व्हायचा. मला बघवेना. खरं सांगायचं तर दया कमी होती, वैताग जास्त. एका दुपारी मी दादरच्या सायबर कॅफेत गेले आणि ते पान तीनदा उघडलं.

दुसऱ्या दिवशी भिंतीवर पंधरा रेघा आणि आकडा अठरा. काकांनी तीनदा मोजलं. मग, तुम्हाला खोटं वाटेल, ते खुर्चीवर बसले. चांगले तासभर बसले. जाताना सगळ्या वर्गाला पेढा दिला.

त्या रविवारी बसमधून जाताना ते मला दिसले. मिलच्या बंद गेटसमोर, इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल. पुढच्या रविवारी मी मुद्दाम त्याच बसने गेले. तोच शर्ट होता. तिसऱ्या रविवारी मी दुसऱ्या रस्त्याने गेले. खोटं बोलायची मला लाज नव्हती, पण ते इस्त्री करून उभं राहिलेलं पाहणं सोसवलं नाही.

सोमवारी काका आले, पान उघडलं, रेघ मारली. येरझाऱ्या घातल्या नाहीत. स्क्रीनकडेच बघत हळू बोलले.

"बाई, रिकामा साचा चालवला तरी मीटर फिरतो. कापड निघत नाय."

मी उगाच शेजारच्या मशीनचा माउस पुसायला घेतला.

"एका दिवसात तीन आणि पुढं एकपण नाय? माणूस असता तर परत आला असता, नायतर गेटवर तरी. तुमीच ना?"

मी मान हलवली. रडू आलं, त्याचाही राग आला. त्यांनी पेन्सिल घेतली आणि भिंतीवर आणखी तीन रेघा मारल्या. "ह्या तुमच्या. झाला हिशेब. परत करू नका हां." आणि उठून चार पावलं मागे, चार पावलं पुढे. त्या दिवशी मी त्यांना बसा म्हटलं नाही.

रोज येणं चालू राहिलं, रविवारही. शिमग्याला ते गावी गेले. पंधरा दिवसांनी त्यांची मुलगी क्लासचा जिना चढून आली. पालखी नाचवून घरी आले, ओटीवर टेकले आणि गेले, म्हणाली. क्लासने दिलेली त्यांची वही परत द्यायला आली होती. मला पहिल्यांदा काय वाटलं असेल? की शेवटी बसले तर असे बसले.

ती गेल्यावर मी चार नंबरवर ते पान उघडलं. भिंतीवर माझी एक रेघ मारली आणि मोजलं. सत्तेचाळीस. आकडा अठ्ठेचाळीस होता. बोट लावून परत मोजलं, पोरांकडून मोजून घेतलं. सत्तेचाळीस आणि अठ्ठेचाळीस. त्या तीन वेळांनंतर आजपर्यंत मी उघडलं नव्हतं, मुलीला तर पान आहे हेही माहीत नव्हतं. चुकून आलेला कोणी असेल. कोणीही असू शकतं. पण हे ज्यांना सांगायचं ते काकाच नव्हते.

त्या रविवारी मी मिलच्या गेटसमोर जाऊन उभी राहिले. कोणी आलंच तर काय विचारायचं ते पाठ केलं होतं: तेल घाल म्हणालात, तो टोमणा होता का? बारा वाजेपर्यंत चार पावलं इकडे, चार पावलं तिकडे करत राहिले. चहावाल्याने दोनदा बाकडं पुढे सरकवलं. मला बसवेना.