लाल रेघेच्या वर एक ठिपका

किस्से म्हणजे लेथखाली पडणारा लोखंडाचा चुरा. सकाळी झाडावा, दुपारी पुन्हा ढीग!

साताऱ्याच्या एमआयडीसीत आमचा क्वालिटी विभाग. मी रोज कराडहून एसटीने येतो आणि दिवसभर शाफ्टची, म्हणजे लोखंडी दांड्यांची, जाडी मोजतो. ते आकडे 'आर' नावाच्या कंप्युटरच्या भाषेत टाकायचे, ग्राफ काढायचा, त्यावर मर्यादेच्या दोन आडव्या लाल रेघा मारायच्या. ठिपका रेघांच्या आत तर माल पास, बाहेर तर नापास. काम एवढंच. पण माणसं आमची!

*

रिटायर्ड सुभेदार अण्णा आमच्या विभागात इन्स्पेक्टर म्हणून आले. पहिल्याच दिवशी ग्राफच्या आधी रेघ मारायला बसले. कंप्युटर एरर देतोय, हे पुन्हा तीच कमांड देतायत. मी म्हटलं, "आवं अण्णा, आधी ग्राफ, मग रेघ."

अण्णा भडकले. "आमच्यात आधी चुन्यानं लाईन आखत्यात, मग जवान हुभं ऱ्हात्यात! ह्यो कंप्युटर सिव्हिलियन हाय!"

*

माझाही एक पराक्रम आहे. लाज वाटते, पण सांगतो. वरची मर्यादा २५.०२ मिलिमीटर. रेघ आडवी मारायची, ती मी मारली उभी. ग्राफच्या तळाशी असतात शाफ्टचे नंबर, त्यामुळे ती गेली थेट पंचविसाव्या शाफ्टवर! प्रिंट खाली लेथवर पोचली. आमच्या तात्या ऑपरेटरनं चार दिवस प्रत्येक लॉटमधला पंचविसावा शाफ्ट बाजूला काढला.

विचारलं तर म्हणतो, "तुमीच रेघ मारलीया न्हवं त्येच्यावर? मला वाटलं, त्यो नंबरच खराब हाय!"

*

आमचे मॅनेजर जाधव साहेब. त्यांना नुसत्या रेघा पुरेनात. "मध्ये हिरवा पट्टा पाहिजे, कस्टमरला बरं वाटतं!" अण्णांनी पट्टा रंगवला तो ठिपक्यांच्या वरून, तोही चांगला गडद. एकही ठिपका दिसेना.

साहेब प्रिंट न्याहाळून म्हणाले, "वा! आजवरचा सगळ्यात स्वच्छ ग्राफ!"

*

आता सुनंदाचा. वडूजची पोरगी, घरच्यांनी पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखलेली, नोकरीला लागलेली ही पहिलीच. ट्रेनीचे सहा महिने संपत आलेले. कायम करायचं की घरी पाठवायचं, ते जाधव साहेबांच्या सहीवर. अशात पुण्याहून कस्टमरचे ऑडिटर यायचे होते, आणि त्याच सकाळी हिच्या ग्राफवर एक ठिपका वरच्या रेघेच्या बाहेर!

साहेब म्हणाले, "रेघ जरा वर सरकव."

"सरकवते सर. पर शाफ्ट जाडच ऱ्हाईल की."

"तुला कायम व्हायचंय ना?"

पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. मला लय राग आला, पण मी आपला पुढचा शाफ्ट मोजायला घेतला, हेही खरं. ती कंप्युटरपुढं बसली, रेघ होती तिथंच ठेवली आणि ठिपक्याकडे एक बाण काढला. बाणाशेजारी लिहिलं, 'हा शाफ्ट जाड आहे. पाठवलेला नाही. कपाटात आहे.'

ऑडिटरनी तो बाण पाहिला, शाफ्ट मागवला, स्वतः मोजला. ग्राफवर होता तेवढाच भरला. मग साहेबांकडे वळून म्हणाले, "अशी माणसं सांभाळा. ही कायम आहे ना?"

"हो हो! आजच लेटर देतोय!"

सुनंदा हळूच म्हणाली, "सर, तारीख आजचीच टाका. सरकवू नका."